नाणी प्रदर्शनात विकायला निघालात? आधी घरी चटई टाकून बसा

सुरुवात माझ्याच बावळटपणाने करतो. पहिल्यांदा नाणी विकायला प्रदर्शनात गेलो तेव्हा हातात एक कापडी पिशवी होती, त्यात बेचाळीस चांदीचे रुपये, बरेचसे आत्याच्या घरून आलेले, थोडे आमच्या कपाटातले, सगळे एकत्र खळखळ करत. आत शिरल्यावर जे पहिलं टेबल दिसलं तिथेच पिशवी ओतली. डीलरने आपण तांदूळ निवडतो तसे रुपये बोटांनी पसरवले, जेमतेम दोन मिनिटं, आणि म्हणाला, "सब एक भाव, चांदी के रेट में." मला वाटलं वा, झटपट काम झालं. पैसे घेतले, चहा प्यायलो, बायकोला फोन करून सांगितलं सुद्धा.

रविवारी संध्याकाळी नुसता फिरायला म्हणून परत गेलो तर चार टेबलं सोडून दुसऱ्याच एका डीलरच्या ट्रेमध्ये, पांढऱ्या पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये, माझा एक रुपया. माझाच, कारण राजाच्या दाढीखाली तिरकी खोच होती आणि ती खोच मी लहानपणापासून बघत आलोय. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया. होल्डरवर पेन्सिलने लिहिलेली किंमत चांदीच्या भावाच्या सात-आठ पट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावर जो हत्ती आहे त्याची सोंड इतकी आखूड निघाली की तो लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, सरकारने बहुतेक माल परत घेऊन वितळवला आणि १९१२ पासून हत्ती दुरुस्त केला. नाणेवाले त्याला 'पिग रुपी' म्हणतात. ओळखायला भिंगसुद्धा लागत नाही हो, खालची तारीख वाचायची एवढंच. ती मी वाचली नव्हती.

डीलरने फसवलं का? नाही. त्याने भाव सांगितला, मी हो म्हटलं. त्याने दोन मिनिटांत जे पाहिलं ते मी घरी दोन तास बसून पाहायला हवं होतं. म्हणून हा लेख निम्म्याहून जास्त घरच्या तयारीबद्दलच आहे, प्रदर्शनातली घासाघीस त्या मानाने सोपी असते.

ढीग पाडा

संध्याकाळी नाही, दिवसा उजेडात बसा. खाली जाड चादर टाका म्हणजे नाणं हातातून पडलं तरी कड चेपणार नाही. लागतं काय तर दहा पट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा (ऑनलाइन स्वस्तात मिळतो), एक लोहचुंबक आणि वही. नाणं नेहमी कडेला धरायचं, दोन बोटांत, छाप्याला अंगठा लावायचा नाही.

पहिला ढीग चांदीचा. ब्रिटिश काळातला पूर्ण वजनाचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने सगळीकडे एकसारखा रुपया सुरू केला तेव्हापासून हेच. आठ आणे म्हणजे अर्धा रुपया ५.८३ ग्रॅम, पावली त्याच्या निम्मी. पण १९४० ते १९४५ चे सहाव्या जॉर्जचे रुपये निम्म्याच चांदीचे आहेत, दुसऱ्या महायुद्धात चांदी वाचवायची होती, आणि १९४७ चे तर चक्क निकेलचे. निकेलचा रुपया, ज्यावर वाघ आहे तो, चुंबकाला पटकन चिकटतो. आमच्या शेजारच्या काकांनी १९४७ चा रुपया 'स्वातंत्र्याच्या वर्षाचा चांदीचा' म्हणून पंधरा वर्षं लॉकरमध्ये ठेवला होता, चुंबक लावला तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

चांदीच्या ढिगातून मग तारखेप्रमाणे ओळी लावा. व्हिक्टोरियावर १८७६ पर्यंत 'क्वीन' आणि १८७७ पासून 'एम्प्रेस' लिहिलंय. सातवा एडवर्ड १९०३ ते १९१०, पंचम जॉर्ज १९११ ते १९२२. एक गंमत आहे ती लक्षात ठेवा, १८६२ ही तारीख पुढची बरीच वर्षं, म्हणजे १८७४ पर्यंत, तशीच ठेवली होती. त्यामुळे १८६२ चे रुपये भरपूर दिसतात आणि लोक 'कॉमन आहे' म्हणून सोडून देतात, पण मागच्या बाजूला तारखेच्या आसपास जे बारीक ठिपके असतात ते मोजणारे संग्राहक आहेत, आणि काही ठिपक्यांना चांगला भाव मिळतो. भिंग लावा, ठिपके मोजा, वहीत लिहा. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया दिसला तर एकदम उड्या मारू नका, तो खरंच दुर्मीळ आहे आणि म्हणूनच त्याच्या नकला फार फिरतात.

दुसरा ढीग कडीवाल्यांचा. आपल्याकडे रुपयांच्या माळा करायची पद्धत, त्यामुळे अर्ध्या घरांत डाख दिलेले रुपये असतात. कडी काढून घासून गुळगुळीत केली तरी कडेला डाखाचा डाग राहतो आणि डीलरचं बोट बरोबर तिथेच जातं. सराफाने टाकी मारलेली नाणीही ह्याच ढिगात. अशी नाणी बहुतेक वेळा चांदीच्या भावाने जातात, तारीख खास असेल तर थोडं वर. वाईट वाटून घेऊ नका पण अपेक्षाही ठेवू नका.

तिसरा, तांब्याची जुनी नाणी. शिवराई असेल तर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्र पति' दिसतं, अक्षरं बहुतेक वेळा अर्धवटच असतात कारण नाणं लहान आणि ठसा मोठा. त्यांत मधे दोन रेघा असलेल्या दुदांडी शिवराया पुष्कळ सापडतात, त्या पेशवाईच्या आणि नंतरच्या. महाराजांच्या काळातली शिवराई जाड आणि वजनदार असते, साधारण ११ ते १३ ग्रॅम, दुदांडी हलकी. घरच्या शिवराईला सरसकट 'महाराजांच्या काळातली' म्हणून भाव सांगितलात तर मराठा नाण्यांचा डीलर तुमच्याकडे बघून हसेल, तोंडावर नाही हसणार, मनात.

चौथा ढीग स्वातंत्र्यानंतरचा आणि इथेच सगळ्यात जास्त भ्रम आहेत. ॲल्युमिनियमचे १०, २० पैसे, पिवळं कमळवालं २० पैसे, वैष्णोदेवीचे ५ आणि १० चे डॉलर, म्हणजे डॉलर नाही हो, गावाकडे पाचच्या जाड नाण्याला डॉलर म्हणतात, इंदिरा गांधींचं ५ चं नाणं, ट्रॅक्टरवाली पाचची नोट, ह्यांचे लाखो रुपये मिळतात म्हणून जे व्हिडिओ फिरतात ते थापा आहेत. त्यात पुढे 'आधी रजिस्ट्रेशन फी भरा' असा फोन येतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच पत्रक काढून सांगितलंय की आमच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांसाठी कोणी फी किंवा कमिशन मागत असेल तर ते बोगस आहे. ह्या ढिगात बघायचं ते टाकसाळीचं चिन्ह. तारखेच्या खाली चौकटच्या पानासारखा आकार असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. काही वर्षी एखाद्या टाकसाळीत कमी नाणी पाडली गेली, त्याला मागणी असते. आणि १९६९ चं गांधींचं १० रुपयांचं नाणं चांदीचं आहे, १५ ग्रॅम, ८० टक्के. १९७२ चं १० रुपयांचं मोठं नाणं २२.५ ग्रॅमचं पण चांदी निम्मीच. बाकी सगळं एका डब्यात टाका आणि पोरांना द्या.

तळाचा भाव स्वतः काढा

हे गणित पाठ असू द्या. रुपया ११.६६ गुणिले ०.९१७ म्हणजे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. हिशोब सोपा जावा म्हणून चांदी १०० रुपये ग्रॅम धरली तर एका रुपयात १,०६९ रुपयांची चांदी. १९४० ते ४५ चा असेल तर ५.८३ ग्रॅम, म्हणजे ५८३ रुपये. निघायच्या दिवशी सकाळी सराफ्याचा भाव बघा आणि तुमच्या ढिगाचा आकडा वहीत लिहून ठेवा. हा तळ. ह्याच्या फार खाली कोणी मागत असेल तर तुम्ही सोनाराकडे का जाऊ नये ह्याचं उत्तर त्याच्याकडे नाही. थोडं खाली मात्र जावं लागतं, कारण त्यालाही ते पुढे विकायचंय. झिजलेला रुपया ११.४ किंवा ११.३ ग्रॅम भरतो, तेवढं वजन कापलं जाणं बरोबरच.

धुवू नका, म्हणजे नकाच

आमच्या आईने एकदा दिवाळीत तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर माझ्या आठ शिवराया चिंचेने लख्ख घासून ठेवल्या. "किती काळ्या पडल्या होत्या रे, बघ आता कशा चकाकतायत." मी काय बोलणार. दीडशे-दोनशे वर्षांनी तांब्यावर जो थर चढतो तोच नाणं जुनं आणि छेडलेलं नाही ह्याची खूण असतो, घासल्यावर बारीक रेघोट्या येतात आणि भिंगाखाली त्या एकाच दिशेने जाताना स्पष्ट दिसतात. त्या आठांतली एकही नंतर धड भावाने गेली नाही. चांदीलाही तेच, टूथपेस्ट, लिंबू, सोडा, सोनाराकडची पॉलिश, काही नको. काळपट आहे तर काळपटच न्या. सोनाराला कसोटीवर घासूही देऊ नका, वजन आणि आवाजावरून भागतं.

मऊ प्लास्टिकच्या जुन्या अल्बममध्ये ठेवलेली असतील तर बघा नाण्यावर हिरवट चिकट थर आलाय का, ते पीव्हीसीचं काम. साध्या पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये हलवा, पण स्टेपल मारताना पिना नाण्यापासून लांब. ह्या होल्डरवर पेन्सिलने वर्ष, टाकसाळ आणि वजन लिहायचं. किंमत लिहू नका.

तुमच्या ढिगातलं नकली आधी तुम्हीच काढा

डीलरच्या टेबलावर तुमचं एक नकली निघालं की बाकीच्यांकडे तो त्याच नजरेने बघतो. सगळ्यात जास्त घरोघरी असतात ते राम-सीता, हनुमान असलेले आणि दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' वगैरे लिहिलेले टोकन. कंपनीने असली नाणी कधीच पाडली नाहीत. 'तांदूळ खेचतं' म्हणून ज्याची अफवा असते तेही ह्यातलंच, त्यापायी लोकांनी जमिनी विकल्यात. देवघरात ठेवा, नमस्कार करा, प्रदर्शनात नेऊ नका.

बाकी ओतीव नकला ओळखायच्या कशा? आधी वजन. रुपया १०.८ किंवा १२.१ भरला तर कान टवकारा. मग कड बघा, खाचा सरळ आणि एकसारख्या हव्यात, मधोमध जोडाची रेघ दिसली तर साच्यात ओतलंय. पृष्ठभागावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत, हे पण तेच. चुंबकाला चिकटलेला 'चांदीचा' रुपया तर सरळ बाजूला. आणि शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन कोणाच्या घरी 'सापडला' असेल तर, १६७४ च्या राज्याभिषेकाचे होन अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके माहीत आहेत आणि नकली होन जत्रेत मिळतात, तेव्हा पेपरवाल्यांना फोन करायच्या आधी एखाद्या जाणकाराला दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि म्युझियम आहे, नुसतं बघायला गेलात तरी खरं नाणं कसं दिसतं ते डोळ्यात बसतं.

कायद्याचं थोडक्यात

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं. म्हणजे पंचम जॉर्जचा १९२२ चा रुपयासुद्धा आता शंभरी पार करून त्यात शिरलाय. अशा वस्तू विकण्याचा धंदा करणाऱ्याला लायसन्स लागतं, आणि देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. न्यू जर्सीतला भाचा म्हणतो "मामा, मला दे, इथे ऑनलाइन टाकतो, डॉलरमध्ये भाव येईल" तर त्याला प्रेमाने नाही म्हणा. शेतात नांगरताना किंवा घर पाडताना हंडा लागला तर तो आणखी वेगळा विषय, १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे आणि दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. अशी नाणी गुपचूप प्रदर्शनात आणणाऱ्याला चांगला डीलर हात लावत नाही. आणि वारसाने आलेली नाणी असतील तर भावंडांना विचारून या, मी तीन रुपये विकून आल्यावर चुलतभावाने दोन वर्षं बोलणं टाकलं होतं.

भाव कुठे बघायचा

ऑनलाइन कोणी किती मागतोय तो भाव नाही. प्रत्यक्षात किती रुपयाला गेलं तो भाव. मुंबईचे टोडीवाला, बंगळुरूचे मरुधर, अहमदाबादचे क्लासिकल असे जे लिलाव करतात त्यांचे जुने निकाल बघायला मिळतात, फोटोसकट. आपल्या नाण्यासारखंच झिजलेलं शोधा, चकचकीत फोटोशी तुलना करू नका, इथेच सगळे फसतात. नाण्यावरचे उंच भाग आधी झिजतात, गाल, भुवई, केस. व्हिक्टोरियाच्या केसांच्या बटा वेगवेगळ्या दिसतायत का सपाट झाल्यात? डीलर लोक व्हीएफ, एक्सएफ, एयू, यूएनसी म्हणतात त्याचा अर्थ एवढाच, किती झिजलंय, व्हीएफ बऱ्यापैकी झिजलेलं आणि यूएनसी म्हणजे न वापरलेलं. एक्सएफ आणि यूएनसी ह्यात कधी कधी पाच पट फरक पडतो आणि विकणाऱ्याला आपलं प्रत्येक नाणं यूएनसीच वाटतं.

परदेशी कंपनीकडून ग्रेड करून प्लास्टिकच्या डबीत सील करून घ्यायचं का? भारी नाणं असेल आणि नकलीची शंका घेतली जाते असं असेल तर हो. साध्या रुपयाला तो खर्च परवडत नाही.

आता डीलर किती देणार? माझा अनुभव सांगतो, साध्या मालाला तो ज्या भावाने विकतो त्याच्या निम्मे ते साठ टक्के, पटकन खपणाऱ्या नाण्याला सत्तर-पंचाहत्तर, आणि ज्याचं गिऱ्हाईक त्याच्या फोनमध्ये आधीच आहे त्याला ऐंशीपर्यंत. ह्यात लूट नाही. त्याने टेबलाचं भाडं भरलंय, गाडीने माल आणलाय, लॉजवर राहिलाय, आणि तुमची पावली त्याच्याकडे वर्षभर पडून राहू शकते.

कोणाकडे, कधी

पुण्यात कर्वे रोडला सोनल हॉलमध्ये कॉइनेक्स भरतं, मुंबईत कफ परेडला वर्ल्ड ट्रेड सेंटरला मुंबई कॉइन सोसायटीचा फेअर असतो, बाकी छोटी-मोठी नाशिक, कोल्हापूरकडे होत असतात. आधी रिकाम्या हाताने एक पूर्ण फेरी मारा. नाणी बॅगेत, बॅग पोटावर. कुठल्या टेबलावर काय मांडलंय ते वहीत टिपा, कोणी फक्त संस्थानी, कोणी मुघल, कोणी मराठा, कोणी ब्रिटिश इंडिया, कोणी नोटा आणि शुभ मानतात त्या ७८६ नंबरच्या नोटा. जो डीलर तुमच्यासारखी नाणी विकतोय त्याच्याकडेच जा. ७८६ वाल्याला शिवराई दाखवून काय उपयोग, तो घेईल तर भंगार समजूनच घेईल.

पहिल्या दिवशी सकाळी डीलर आपापसात खरेदी करत असतात, गर्दी असते, त्यांच्या खिशात पैसे असतात पण तुमच्याकडे बघायला वेळ नसतो. मला दुसऱ्या दिवशीची दुपार आवडते, जेवणानंतर तीनच्या सुमारास, गर्दी ओसरलेली असते, माणूस खुर्चीत रेलून बसलेला असतो. शेवटच्या दिवशी संध्याकाळी काही जण पैसे संपलेत म्हणून नाही म्हणतात, काही जण परतीच्या सामानाला वैतागलेले असतात. पण तुम्हाला अदलाबदल करायची असेल तर तीच वेळ उत्तम.

टेबलावर

गिऱ्हाईक उभं असेल तर थांबा. त्याची विक्री चालू असताना मध्येच "काका, हे बघता का" केलंत तर तो तुम्हाला कटवायलाच भाव सांगतो. मोकळा झाला की सरळ विचारा, घेताय का. मग पिशवी ओतायची नाही. एका वेळी एक पान किंवा पाच-सहा होल्डर काढायचे, बाकी बॅगेत.

माझं गेल्या खेपेचं बोलणं साधारण असं झालं.

"एडवर्ड आहेत सहा, दोन व्हिक्टोरिया. बघता का?"

त्याने एकेक उचलला, भिंग लावलं, दोन उजवीकडे ठेवले, सहा डावीकडे. "काय एक्स्पेक्ट करताय, साहेब?"

"तुम्ही बघितलेत ना, तुम्हीच सांगा."

"नाही नाही, माल तुमचा, तुम्ही बोला."

हा खेळ जुना आहे. ज्यांनी घरी अभ्यास केलाय त्यांनी आकडा बोलायला हरकत नाही, उलट वेळ वाचतो. मी म्हटलं, "डावीकडचे सहा चांदीवर शंभर-शंभर जास्त. उजवीकडचे दोन वेगळे बोलू, त्यातल्या एकाचे ठिपके मी मोजलेत." तो हसला. "मोजून आलात म्हणजे." मग सूर बदलला, खुर्ची पुढे आली, आणि त्या एका व्हिक्टोरियावर आम्ही दहा मिनिटं चांगली घासाघीस केली.

त्याने दोन उजवीकडे आणि सहा डावीकडे ठेवले ते नीट बघा. तीच त्याची किंमत आहे, तोंडातून यायच्या आधीची. पुष्कळदा तो म्हणतो फक्त हे दोन द्या, बाकी नकोत. आता मलई काढून घेतली तर ताक कोण घेणार? तेव्हा म्हणायचं, दोन हवे असतील तर भाव हा, आठही घेतलेत तर भाव तो. दोन्ही आकडे आधीपासून वहीत हवेत.

भाव पटला नाही तर "बघतो, फेरी मारून येतो" एवढं पुरे. चिडायचं नाही, 'त्या टेबलवाल्याने जास्त सांगितलंय' अशी थाप तर मारायचीच नाही, हे सगळे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात, तुमची थाप चहाच्या कपाबरोबर पलीकडे पोचते. आणि एकदा हो म्हटलं की हो, नंतर दुसऱ्याने दोनशे जास्त सांगितले म्हणून परत फिरलात तर पुढच्या वर्षीही लक्षात ठेवतात.

अदलाबदल करताना

इथे गणित गंडतं ते एकाच कारणाने, डीलर स्वतःच्या नाण्याला विक्रीचा भाव लावतो आणि तुमच्या नाण्याला खरेदीचा. त्याची शिवराई ३,००० ची, तुमचे रुपये मात्र खरेदीच्या भावाने, म्हणजे दोन्हीकडून तुम्हीच मार खाता. म्हणून आधी अदलाबदलीचा शब्दच काढू नका. विचारा, ही शिवराई रोख दिली तर शेवटचं काय? तो म्हणेल २,४००. मग विचारा, माझ्या ह्या रुपयांचं रोख काय देणार? दोन्ही आकडे वहीत आले की मग म्हणा, पैसे नकोत, वस्तू घेऊन वस्तू देऊ, थोडं सरकवा. रोख बाहेर जात नाही म्हणून त्यालाही हे आवडतं आणि बहुतेक जण आणखी पाच-दहा टक्के सोडतात. त्याच्या नाण्यालाही तुमच्यासारखंच वजन, कड, भिंग सगळं लावा. होल्डर उघडायचा असेल तर विचारून. पावतीवर नाण्याचं वर्णन लिहून घ्या, नकली निघालं तर परत घेणार का ते तोंडी नाही, पावतीवर.

पैसे

लहान रक्कम यूपीआयने घ्या आणि स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका, आपल्या बँकेचं ॲप उघडून जमा झालेत का बघा, हॉलमध्ये नेटवर्क नसतं तर बाहेर जाऊन या, नाणी तेवढा वेळ तुमच्याच हातात. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे, तसा सौदा असेल तर चेक किंवा ट्रान्सफर. आधारची कॉपी मागितली तर त्यावर तारीख आणि कशासाठी दिली ते लिहून सही करा. घरून निघतानाच प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढलेले असले पाहिजेत, टेबलावर आठ नाणी दिली आणि सात परत आली असं कोणी मुद्दाम करतो असं नाही, पण गठ्ठ्यात गठ्ठा मिसळतो. मी प्रत्येक वेळी मोठ्याने मोजून परत घेतो, कोणाला राग येत नाही.

जे विकलं गेलं नाही

एखादं नाणं तीन डीलर बघतात, तिघेही जरा जास्त वेळ हातात धरतात आणि तिघेही कमी भाव सांगतात. असं झालं तर ते नाणं परत आणा. त्याला लिलावात टाकायचा विचार करा. लिलाववाला कमिशन घेतो, कॅटलॉग छापून लिलाव होऊन पैसे हातात यायला काही महिने जातात, पण तिथे दोन वेडे संग्राहक समोरासमोर आले तर डीलरच्या भावाच्या दुप्पट जाऊ शकतं. देताना तीन गोष्टी लेखी घ्या, कमिशन किती, कमीत कमी किती रुपयांखाली विकायचं नाही, आणि नाही विकलं तर परतीचा खर्च कोणाचा. साधे झिजलेले रुपये लिलावात घालू नका, कमिशनमध्येच धुऊन निघतात.

बाकी उरलेला ढीग पुन्हा होल्डरमध्ये, वहीत कोणी किती सांगितलं ते प्रत्येकाच्या पुढे. माझ्या वहीत एका १८४० च्या रुपयापुढे चार प्रदर्शनांतले नऊ आकडे आहेत, पहिला साडेआठशेचा आणि शेवटचा चौदाशेचा, आणि तो रुपया अजून घरीच आहे कारण सोळाशे म्हणणारा कोणीतरी पुढच्या वेळी येईल असं मला प्रत्येक वेळी वाटतं.